एका माणसापुरती लिफ्ट

सोमवार, ४ मार्च

वन्सं म्हणतात, सरकारी कामाला हात घातला की त्याच दिवसापासून रोजचं लिहून ठेवावं, आणि लिहायचं तर खरं लिहावं. त्या जन्मभर वजनमापे खात्यात होत्या, दुकानदारांचे तराजू तपासत फिरायच्या, त्यामुळे त्यांना असल्या गोष्टी सुचतात. म्हणून ही वही. वाचायला मात्र त्यांना देणार नाही. त्या माझं शुद्धलेखन काढतील.

तर आज लिफ्टच्या खात्यात अर्ज देऊन आले. खिडकीवरच्या माणसाने अर्ज वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईंनी घरी लिफ्ट केलीय." शेजारच्या टेबलाने विचारलं, "कशाची?" मी म्हटलं, लोखंडाची. तुमच्याकडे कशाची करतात?

त्यांचं हसून झालं तेव्हा अर्ज घेतला.

करायला काय झालं? आमच्या खाली शटरचा कारखाना आहे, वर घर. हे होते तेव्हापासून मी वेल्डिंग करते, हे गेल्यावर सगळंच करते. या गावातली अर्धी दुकानं रोज सकाळी माझी शटरं वर ढकलून उघडतात. जी मोटर शटर उचलते ती माणूस का नाही उचलणार? मागच्या भिंतीला लागून चार खांब उभे केले, खालपासून वरपर्यंत दोन उभ्या पट्ट्या लावल्या, त्यात पिंजरा बसवला. हिवाळाभर हेच केलं.

गेल्या वर्षी वन्संच्या खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन सपाटीवर चाला, जिना विसरा. आमचा जिना लोखंडी आणि उभा, खाली सगळी धूळ आणि कीस, तिथे त्यांना झोपवता येत नाही. तेव्हापासून त्या वरच आहेत. दवाखान्यात न्यायचं तर दोन हमाल त्यांना खुर्चीला बांधून उतरवतात आणि त्या डोळे घट्ट मिटून घेतात. आयुष्यभर ज्या बाईला बघून बाजारातले तराजू सरळ व्हायचे, तिला असं उतरवताना मला खाली बघावं लागतं.

भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, निकाल देऊन टाकलाय. एप्रिल संपता संपता ते वन्संना, त्यांच्या ताईला, आपल्या घरी नेणार. तळमजला, बाग, सगळी सोय. त्याआधी लिफ्ट पास झाली तर प्रश्न मिटला.

मला काय, गेल्या तर गेल्या. पण माझ्या घरातलं माणूस जिन्यामुळे गेलं असं कुणी म्हणायला नको.

शनिवार, ९ मार्च

लिफ्टचे इन्स्पेक्टर येऊन गेले. हातात छोटी हातोडी. दिसेल त्या जोडावर टकटक करतात आणि कान लावून ऐकतात. मी मनात त्यांचं नाव टकटक ठेवलं.

मी भांडायच्या तयारीने कंबर कसून उभी होते, पण माणूस हसला नाही. म्हणाला, "वेल्डिंग चांगलं आहे, बाई." मी विरघळले, आणि तेवढ्यात त्याने एकेक काढायला सुरुवात केली. दोर एक आहे, दोन हवेत. दोर तुटला तर पिंजरा जागच्या जागी धरणारे जबडे हवेत. दारं नीट हवीत. खाली धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगा हव्यात.

मी म्हटलं, "करते. अजून?"

"आत दोन माणसांचं बाक कशाला?"

"एक त्यांचं, एक माझं."

"ही मोटर आणि असे दोर एका माणसापुरतेच धरता येतील. एक खुर्ची ठेवा."

"अहो, त्यांना एकट्याने भीती वाटेल."

"मला नाही वाटत भीती," वरच्या खिडकीतून वन्सं म्हणाल्या.

त्या काय, काहीही बोलतात. मी टकटकना म्हटलं, बाकाचं नंतर बघू. ते म्हणाले, नंतर नाही, एक माणूस. आवाज न चढवता बोलतात, त्यामुळे भांडताही येत नाही.

बुधवार, १३ मार्च

जबडे करायला घेतले. दोर ताठ असेपर्यंत ते उघडे राहतात, दोर ढिला पडला की स्प्रिंग सुटून दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना करकचून धरतात. आमच्या ह्यांनी कधी असलं केलं नव्हतं. कारखान्यात सगळं त्यांनी शिकवलेलं करते, हे एवढं माझं मी करतेय. भीतीही वाटते आणि मजाही येते.

दुपारी लेकीचा फोन आला. तिची रजा संपतेय, बाळ रांगायला लागलंय, सांभाळायला कुणी नाही. "आई, तू ये ना. थोडे महिने तरी." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, तू नेहमी बघू म्हणतेस. मग मीही चिडून म्हटलं, "अगं वन्संना टाकून मी कुठे येऊ? आता लिफ्ट झाली की त्यांचं सगळं मलाच बघायचंय." फोन ठेवून वळले तर वन्सं दारात, वॉकर धरून. पाणी हवं होतं म्हणाल्या. वॉकरच्या टोपलीत ग्लास होता, तो भरलेलाच होता. हल्ली विसरतात.

बाळाचा फोटो पाठवलाय तिने. सारखा उघडून बघते. असो, जबड्यांना उद्या दात पाडायचे आहेत.

मंगळवार, १९ मार्च

डोकं फिरलंय. टकटक न सांगता हजर. म्हणाले, खात्यात कुणाचा तरी फोन आला होता. पिंजरा खाली असतानाही वरचं दार उघडतं, माणूस सरळ खाली पडेल.

उघडतं, खरं आहे. मी ते करणारच होते. पण फोन कुणी केला? टकटक म्हणाले, नाव दिलं नाही, आणि दिलं असतं तरी सांगितलं नसतं.

मला सांगायला कशाला हवं? मागच्या भिंतीपलीकडे लाँड्रीवाला आहे. माझ्या खांबांची सावली त्याच्या दोऱ्यांवर पडते, चादरी वाळत नाहीत म्हणून मागे कुरकुरला होता. तडक गेले. तो इस्त्री हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मला तक्रार करायची तर मी तुमच्या तोंडावर करीन. केलीच आहे की." मी म्हटलं, तोंडावर एक आणि पाठीमागे एक. त्याने इस्त्री खाली ठेवली आणि म्हणाला, तुमचे कपडे झालेत, घेऊन जा.

संध्याकाळी त्याच्या बाजूने अख्खी ताडपत्री बांधून टाकली, खालपासून वरपर्यंत. आता बघ म्हणावं काय बघायचं ते.

वन्संना सगळं तावातावाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "फोनवर सांगितलेलं खरं होतं ना?"

"खरं असलं म्हणून काय झालं?"

"मग सांगणारा कोण, याला काय महत्त्व?"

खात्यातली माणसं निवृत्त झाली तरी खात्याचीच राहतात.

गुरुवार, २८ मार्च

दारांचं झालं. आता पिंजरा समोर असल्याशिवाय दार उघडत नाही आणि दार नीट लागल्याशिवाय पिंजरा हलत नाही. दहादा उघडझाप करून पाहिली. वन्संनीही आतून दार हलवून पाहिलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या. त्यांचं "हं" म्हणजे लोकांच्या टाळ्या.

मग वाळूची पोती घालून पिंजरा वरखाली केला. छान चालला होता, आणि नेमकी वीज गेली. पिंजरा वन्संच्या खिडकीच्या कट्ट्याशी लटकला. वीज काही येईना. शेवटी पहार घालून गिअर सोडवला, तर तो दाणकन हातभर खाली आला. खिडकीत वन्सं उभ्या होत्या. "आत मी असते तर?" म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही असता तर वीज गेली नसती, तुम्हाला घाबरून. त्या हसल्या नाहीत.

मंगळवार, २ एप्रिल

टकटकचा फोन. पुन्हा कुणीतरी कळवलंय, वीज गेली की पिंजरा अधांतरी अडकतो, हाताने उतरवायची सोय नाही.

ताडपत्री बांधूनही दिसतं म्हणजे लाँड्रीवाल्याच्या डोळ्यांत एक्सरे बसवलाय की काय? की माझा आरडाओरडा ऐकून त्याने ओळखलं? मी त्याच्याशी बोलणंच टाकलंय. चादरी घरी धुते. कंबर धरलीय, पण त्याच्या दारात पाऊल ठेवणार नाही.

हाताने फिरवायचं चाक बसवायला घेतलं. मोठ्या शटरांना असतंच ते, मला आधी का सुचलं नाही कोण जाणे. वन्सं बोलल्या असतील कदाचित. त्या सूचना द्यायला लागल्या की मी ग्राइंडर चालू करते.

सोमवार, ८ एप्रिल

वन्संनी बॅग काढून कपडे भरायला घेतलेत. मी म्हटलं, एवढ्यात कशाला? "आयत्या वेळी घाई नको." गरम कोट, औषधं, चष्मा पुसायचं फडकं, सगळं घड्या घालून. पितळी वजनांची पेटी मात्र पलंगाखाली तशीच. ती त्यांना निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिली होती, रविवारी त्या वजनं पुसतात. विचारलं तर म्हणाल्या, जड होईल, राहू दे तुझ्याकडे.

मला राग आला. इथे मी हाडाची काडं करतेय आणि या जायची तयारी करतायत. भाऊजींकडे त्यांना कोण विचारणार आहे? भाऊजी चांगले आहेत, पण ते त्यांना जपून ठेवतील. वन्संना जपून ठेवून घेण्याची सवय नाही. सकाळचा चहा पिताना त्या पेपरातल्या चुका कुणाला दाखवणार? आणि मी चहा पिताना काय करायचं?

हे शेवटचं उगाच लिहिलं. चहा मी एकटीही पिऊ शकते.

शुक्रवार, १२ एप्रिल

बुधवारी मोठी चाचणी. पिंजऱ्यात वजन भरायचं, वर न्यायचा, आणि दोर सोडून द्यायचा. जबड्यांनी धरलं तर पास. टकटक म्हणाले, एका माणसाच्या वजनापेक्षा जास्त भरा, आणि वजन नक्की असू द्या.

वाळूची पोती दुकानातून आणली, प्रत्येकावर वजन छापलेलं. वन्सं म्हणाल्या, "छापलेलं कुणी पाहिलंय? मोजून घे." वर काटा नेला, त्यांच्यासमोर एकेक पोतं ठेवलं. एकही पुरं भरेना. बाईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू. कित्येक महिन्यांत एवढ्या ताठ बसल्या नव्हत्या. दुकानदाराला फोन लावायला लावला आणि असं काही खडसावलं की तो स्वतः वाळू घेऊन आला.

मग प्रत्येक पोतं बरोबर भरून होईपर्यंत मला हलू दिलं नाही. मी म्हटलं, वन्सं, थोडं इकडेतिकडे चालेल. त्यांनी नुसतं पाहिलं.

बुधवार, १७ एप्रिल

नापास.

सकाळपासून तयारी होती. पट्ट्या फडक्याने घासून आरशासारख्या केल्या होत्या. पिंजऱ्यात पोती रचली. दोरांच्या जागी आकडा लावून पिंजरा वर टांगला. आकड्याची कळ खालून ओढायची. टकटक म्हणाले, तुम्ही ओढा. मी ओढली.

जबडे लागल्याचा आवाज आला, खट्ट. मला वाटलं, धरला. आणि पिंजरा घसरत, घसरत, मग सरळ सुटून स्प्रिंगांवर आदळला. एक पोतं फुटून सगळीकडे वाळू झाली. ताडपत्रीपलीकडे इस्त्री थांबल्याचं ऐकू आलं.

टकटकनी जबडे तपासले. दात बरोबर, स्प्रिंग बरोबर. "धरलं होतं, पण टिकलं नाही. का, ते कळत नाही. कारण कळल्याशिवाय मी पुन्हा चाचणी घेणार नाही, बाई." जाताना हातोडी खिशात टाकली, टकटक न करता.

मी जिन्यावर बसले. किती वेळ ते कळलं नाही. आत वन्सं असत्या तर, हे एकच डोक्यात येत होतं. शटर बनवणाऱ्या बाईने शटर बनवावं. खिडकीवरचा माणूस हसला ते बरोबरच हसला.

वर खिडकीत वन्सं होत्या.

शुक्रवार, १९ एप्रिल

हरायचं नाही. जबडे उतरवले, दात पुन्हा तासले, अजून धारदार केले. कळो न कळो, काहीतरी तर करत राहायचं. पिंजरा वरखाली करते, पट्ट्यांवरून हात फिरवते. सगळं बरोबर दिसतं आणि चुकलेलं आहे, यापेक्षा वाईट काही नाही.

भाऊजींचा फोन आला. रविवारी, अठ्ठावीसला गाडी घेऊन येतो म्हणाले. फोन वन्संनीच घेतला. "ये," एवढंच म्हणाल्या. जेवताना मी म्हटलं, अजून आठवडा आहे, काहीतरी सापडेल. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. काळे झालेत, पण ते नेहमीचंच आहे.

सोमवार, २२ एप्रिल

आज फार झालं. नीट लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी टकटक आले. दारातूनच म्हणाले, "बाई, एक पांढरं फडकं द्या." दिलं. त्यांनी ते पट्टीवरून खालपासून वरपर्यंत दाबून ओढलं आणि मला दाखवलं. पिवळट, तेलकट.

"ग्रीस," ते म्हणाले. "ग्रीसवर जबडे कसे धरतील? चूक माझीही आहे. चमकती पट्टी बघून मी खूश झालो, बोट लावून पाहिलंच नाही."

"पण मी ग्रीस लावलेलंच नाही," मी म्हटलं. अगदी शपथेवर म्हटलं असतं.

"रोज लावता. काल रात्रपाळीच्या माणसाने निरोप लिहून घेतलाय. तुम्ही रोज सकाळी चहाआधी वरच्या खिडकीतून वाकून पट्टीला बोटाने ग्रीस फासता आणि बोट पडद्याला पुसता."

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. शटरच्या कामात पहिला धडा हाच असतो. पट्टीला वरून बोटभर ग्रीस लावा, शटर ते आपोआप खालपर्यंत ओढत नेतं. ह्यांनी मला तो लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात दिला होता. इतकी वर्षं हात ते करतोय, मला विचारत नाही. चाचणीच्या दिवशी ज्या फडक्याने पट्ट्या आरशासारख्या केल्या, तेही कारखान्यातलं तेलकट फडकं.

मग पडदा डोक्यात आला. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला ताडपत्री आहे. लाँड्रीवाल्याला पडदा दिसत नाही. मी बोट कशाला पुसते हे दिसायला माणूस खोलीतच असावं लागतं, माझ्या पाठीशी, पलंगावर.

टकटकना म्हटलं, बसा. वर गेले.

वन्सं पेपर वाचत होत्या. मी विचारलं, "मी रोज ग्रीस लावते हे कुणाला माहीत आहे?"

"तुला तरी कुठे माहीत होतं?" त्या म्हणाल्या. पेपर घडी करून ठेवला.

"दाराचं तुम्ही कळवलंत? वीज गेल्याचं?"

"हो."

"इथे राहायचं नाही का तुम्हाला?"

"राहायचंय."

"मग?"

"तुला लेकीकडे जायचंय."

"मी कधी म्हटलं?"

"म्हणाली नाहीस म्हणून तर. दिवसभर तो फोटो बघतेस. लिफ्ट पास झाली की तू इथे अडकलीस, मी मरेपर्यंत. तूच म्हणालीस फोनवर, आता सगळं मलाच बघायचंय. नापास झाली की मी धाकट्याकडे, तू लेकीकडे. कुणाला वाईटपणा नाही."

मला इतका राग आला की हसूच आलं. म्हटलं, "मग काहीतरी खोटं सांगायचं होतंत. खांब हलतो म्हणायचं. एका फोनमध्ये काम झालं असतं."

मी त्यांना चोरी करायला सांगितल्यासारख्या त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "खांब हलत नाही," म्हणाल्या.

"आणि बुधवारी तर नापास झालीच होती. नुसतं गप्प राहायचं होतं. कालचा फोन कशाला केलात?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तू जिन्यावर बसलीस," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ गेला त्या दिवशी तशी बसली होतीस. नंतर कधी बसलेली मी पाहिली नाही. परत बघायची नव्हती."

मी रडले. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितेय. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि त्या म्हणाल्या, हात धू आधी, मला ग्रीस लागतंय. मग म्हणाल्या, खाली साहेब बसलेत, त्यांना चहा दे. मी वन्संना सांगून टाकलं, मी कुठेही जाणार नाही, तुम्हीही नाही, बॅग रिकामी करा.

संध्याकाळी लाँड्रीवाल्याकडे जाऊन माफी मागितली आणि ताडपत्री सोडली. तो म्हणाला, "चुरगाळलेल्या चादरी घेऊन या. तुमच्या दोरीवर लोंबताना बघवत नव्हत्या."

गुरुवार, २५ एप्रिल

पट्ट्या रॉकेलने धुतल्या, मग साबणाने, मग कोरड्या फडक्याने. फडकं वन्संनी स्वतः तपासून दिलं. ग्रीसचा डबा त्यांनी आपल्या पलंगाखाली, वजनांच्या पेटीशेजारी ठेवून घेतलाय. या तीन दिवसांत सकाळी दोनदा माझा हात त्या डब्याच्या जागी गेला. दोन्ही वेळा मागून "अं हं" असा आवाज आला.

टकटकनी कळ ओढायला सांगितली. मी ओढली. खट्ट. पिंजरा वीतभर घसरला आणि थांबला. पोती हलली नाहीत. मी बघत राहिले, तो थांबलेलाच होता.

टकटकनी हातोडीने एक टकटक केली, मला वाटतं नुसती हौस म्हणून, आणि म्हणाले, "पास." परवानगीबरोबर दारावर लावायची पाटी दिली, एक व्यक्ती. मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, साहेब, निदान पहिल्या वेळी मी सोबत? ते म्हणाले, "बाई, त्यांना तुमची गरज नाही म्हणून तर ही लिफ्ट आहे ना?"

चांगला माणूस आहे, पण बोलायची रीत नाही.

रविवार, २८ एप्रिल

भाऊजी सकाळीच आले. गाडीच्या मागच्या सीटवर उशा रचून आणल्या होत्या, ताईला धक्के बसू नयेत म्हणून. मी म्हटलं, चहा घ्या आणि खाली उभे राहून बघा.

वन्संनी बाहेर जायचे बूट घातले होते. हाड मोडल्यापासून ते कपाटातच होते. वॉकर घेऊन आत गेल्या, खुर्चीवर बसल्या. मी दारातून डोकं घालून सांगत होते, हे हिरवं बटण, हे लाल, ही घंटा, वीज गेली तर घाबरायचं नाही, मी खाली चाकाशीच आहे, मधे कुठे आवाज आला तर,

"अगं," त्या म्हणाल्या, "तुझं डोकं बाहेर काढल्याशिवाय दार लागणार नाही, आणि दार लागल्याशिवाय ही हलणार नाही. तूच केलंयस."

डोकं काढलं. दार लागलं. पिंजरा खाली निघाला आणि मी जिन्यावरून धावत सुटले. माझ्या वयाच्या बाईने असं उतरू नये. तरी मी आधी पोचले. पिंजरा टेकला तशी मी दाराच्या कडीला हात घातला.

"हात काढ," आतून वन्सं म्हणाल्या. "मला उघडता येतं."

मी हात काढला. कडी त्यांनी आधी उलटी फिरवली. मग सुलटी. मग वॉकरचं चाक उंबऱ्याला अडलं. मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकाने दुसऱ्याला घट्ट धरून ठेवलं, कारण ते आपणहून पुढे जात होते, ग्रीस लावायला जातात तसे. भाऊजी एक पाऊल पुढे आले, त्यांना मी कोपराने थांबवलं. वन्संनी वॉकर मागे घेतला, थोडा उचलला, पुढे ठेवला, आणि त्या बाहेर आल्या. जमिनीवर उभ्या राहिल्या, डोळे उघडे ठेवून.

तेव्हा मला कळलं. महिनोन्‌महिने मी ती दोन माणसांची करायला बघत होते. भीती त्यांना वाटेल असं सगळ्यांना सांगत होते, आणि भीती माझी होती. एका माणसापुरती आहे म्हणून त्या सुटल्या, आणि त्या सुटल्या म्हणून मीही सुटले. हे टकटकना पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि वन्संना त्याच्याही आधी.

वन्सं मागच्या दाराने गल्लीत गेल्या, लाँड्रीवाल्याशी बोलून आल्या, मग कारखान्यात शिरल्या. नाकाला रुमाल लावून सगळीकडे नजर टाकली. पुढच्या पडवीत, जिथे धूळ येत नाही, तिथे खुर्ची मागवली आणि बसल्या. समोरच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी चालली होती. त्याने वन्संना पाहिलं आणि तराजूखालचा दगड काढून टाकला.

"ताई, मग बॅग?" भाऊजींनी विचारलं.

"बॅग वर आहे. माझे कपडे काढून हिचे भर. गाडी आणलीच आहेस तर हिला लेकीकडे पोचव. उशा राहू देत, हिची कंबर धरलीय."

मी म्हटलं, शटरच्या दोन ऑर्डरी आहेत. त्या म्हणाल्या, पुढे ढकलते, फोन करायला मला चांगलं येतं. मी म्हटलं, तुमचं जेवणखाण? म्हणाल्या, मला स्वयंपाक येतो, जिना येत नव्हता. मी म्हटलं, वीज गेली तर चाक कोण फिरवणार? म्हणाल्या, घंटा वाजवली की लाँड्रीवाला येईल, आत्ताच बोलून आलेय. मी म्हटलं, आज नको, बुधवारी जाते. यावर त्या "हं" म्हणाल्या.

वर आले, जिन्याने. खिडकीच्या पडद्यावर माझ्या बोटांचे डाग आहेत, एकाखाली एक, ते आज पहिल्यांदा पाहिले. धुवायला हवा. राहू दे, आल्यावर धुईन.

लेकीला फोन लावला. म्हटलं, येते. तिला खरंच वाटेना. मग विचारलं, किती दिवस राहशील? म्हटलं, वन्संना विचारून सांगते.